रंगवलेल्या फिन्सचा रंग पुन्हा पुन्हा का निघतो: लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

डायव्हिंगच्या साहित्याची देखभाल करताना एक तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की, पिशवीतून फिन्स बाहेर निघण्याआधीच ती मला ठाऊक असते. काळ्या किंवा निळ्या फिन्स, म्हणजे पोहताना पायांत घालायची रुंद, लवचिक पात्यांची साधने, हौसेने पिवळ्या, केशरी किंवा पांढऱ्या रंगवल्या जातात, पहिल्या डाइव्हपर्यंत त्या नव्यासारख्या दिसतात आणि तिसऱ्या-चौथ्या डाइव्हनंतर रंगाचे पोपडे निघू लागतात. त्यावर पुन्हा रंग मारला जातो आणि तोही निघतो. रंग बदलण्यामागे हौसेखेरीज व्यवहाराचा भागही असतो. पाण्याखाली पुढे चाललेल्या सोबत्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, त्याच्या फिन्स दिसतात, आणि गढूळ पाण्यात चार काळ्या जोड्यांमधून आपला सोबती ओळखायचा तर फिन्सचा रंगच कामी येतो. शिवाय निघालेला प्रत्येक पोपडा शेवटी समुद्रातच जातो, आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते.

खाली आधी लक्षणे दिली आहेत आणि मग तपासण्या. ज्यांना काहीच खर्च येत नाही त्या आधी, आणि ज्यांत वेळ, मेहनत व धोका आहे त्या शेवटी. हा क्रम मोडू नये, कारण पुढची काही कामे आधीच्या तपासण्या न करता केली तर दोष आणखी पक्का होतो.

लक्षणे

सर्वाधिक आढळणारे लक्षण म्हणजे सुटणारे पापुद्रे. पात्याच्या कडेपासून, बाजूच्या उंच पट्ट्यांपासून किंवा बकलच्या आसपास रंग उचलला जातो आणि नखाने ओढला तर अंगठ्याएवढा तुकडा सलग निघतो. त्याहून वेगळे लक्षण म्हणजे भेगा. पात्याच्या मध्यभागी, जिथे पाय मारताना पाते सर्वाधिक वाकते, तिथे आडव्या, केसासारख्या बारीक रेषा उमटतात आणि काही दिवसांनी त्या रेषांमधून खपल्या पडतात. ही दोन लक्षणे एकत्र दिसली तरी त्यांची कारणे वेगळी असतात, त्यामुळे सुरुवात कुठून झाली हे आठवून पाहावे.

तिसरे लक्षण चिकटपणाचे. दोन आठवडे उलटले तरी रंग बोटाला चिकचिकतो, त्यावर वाळू बसते आणि पिशवीत एकमेकींवर ठेवलेल्या दोन्ही फिन्स सकाळी चिकटलेल्या सापडतात. चौथे लक्षण पाण्यातून बाहेर आल्यावर दिसणारे लहान लहान फोड, जे वाळल्यावर बसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा उठतात. पाचवे लक्षण रंग मारतानाच दिसते. ओला रंग काही ठिकाणी आपोआप बाजूला सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. काही फिन्सवर पांढरा किंवा पिवळा रंग नीट बसलेला असतो, पण महिन्याभरात त्यावर तपकिरी डाग वर येतात. रंगाच्या पाण्यात बुडवून रंगवलेल्या फिन्सचा रंग कधी बुटांना लागतो, तर कधी जागोजागी कमी-जास्त बसतो.

आणखी एक तक्रार मी मुद्दाम शेवटी सांगतो, कारण तिच्यात दोष नसतो. ‘वर लालभडक दिसणाऱ्या फिन्स खाली मळकट दिसतात, रंग उडाला का?’ तपासण्यांची सुरुवात इथूनच करावी.

दोष खरोखर आहे का

पाणी प्रकाशातील तांबड्या बाजूच्या लहरी सर्वांत आधी शोषून घेते. साधारण ५ ते १० मीटर खोलीवरच लाल रंग तपकिरी-करडा दिसू लागतो. त्यानंतर केशरी फिकटतो आणि मग पिवळा. निळा सर्वांत खोलवर टिकतो. फिन्सवर टॉर्चचा झोत जवळून टाकला आणि मूळ लाल रंग परत दिसला, तर रंग शाबूत आहे. ओळख पटावी म्हणूनच रंग बदलायचा असेल तर लाल रंगाचा आग्रह सोडावा आणि फ्लुओरेसंट पिवळा-हिरवा किंवा फ्लुओरेसंट केशरी निवडावा, कारण हे रंग खाली पोचणारा निळा-हिरवा प्रकाश घेऊन स्वतःचा रंग बाहेर टाकतात आणि त्यामुळे खोलवरही उठून दिसतात. ही एक गोष्ट आधी माहीत असती तर अनेकांचे दुसऱ्यांदा रंगवण्याचे श्रम वाचले असते.

यानंतर फिन्स गोड्या, कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवाव्यात, मऊ ब्रशने धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळवाव्यात. पांढुरका थर नाहीसा झाला तर ते मीठ होते, आणि मीठ धुणे एवढाच त्यावर उपाय आहे. थर गेला नाही आणि खालचे साहित्य रबर असेल, तर ते रबराच्या आतून वर आलेले मेण असण्याची शक्यता मोठी असते. त्याबद्दल पुढे.

निघालेला पोपडा उलटा करून पाहा

ही तपासणी फुकट होते, मिनिटभरात होते, आणि माझ्या मते बाकी सर्व तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जाते. सुटलेला रंगाचा तुकडा फेकू नये. तो उजेडाकडे धरून त्याची मागची बाजू पाहावी.

एका पिवळ्या रंगवलेल्या जोडीचा तुकडा मला अजून डोळ्यासमोर दिसतो. नखाएवढ्या त्या तुकड्याच्या पाठीवर, आरशासारख्या चकचकीत पृष्ठभागात, साच्यात उमटलेली बारीक जाळीची नक्षी आणि कंपनीच्या खुणेतील एका अक्षराचा उलटा ठसा इतका स्वच्छ उतरला होता की, ते अक्षर वाचता येत होते. पात्यावर मात्र रंगाचा कणही उरला नव्हता. याचा अर्थ रंगाने पृष्ठभागाला कधी धरलेच नव्हते. तो फक्त साच्यात ओतल्यासारखा त्यावर बसून राहिला होता. असे दिसले की रंगाचा डबा बदलून उपयोग नाही, दोष खालच्या पृष्ठभागात किंवा त्याच्या तयारीत आहे असे समजावे.

पाठीवर पांढरी किंवा करडी भुकटी दिसली तर घासल्यानंतरची धूळ नीट पुसलेली नव्हती, किंवा मीठ अथवा मेण आत अडकले होते. पात्यावरही रंग आहे आणि तुकड्यावरही रंग आहे, म्हणजे थर मधूनच फाटला आहे, असे असेल तर रंगाच्या दोन हातांमध्ये पुरेसा वेळ दिलेला नव्हता किंवा थर फार जाड झाला होता. फोड आलेल्या जागेचा तुकडा निघाला आणि खाली ओलसर, खारट पाणी लागले तर कारण मिठाचे आहे. थराखाली राहिलेले मीठ रंगाच्या थरातून बाहेरचे पाणी आत ओढते, म्हणून पाण्यात फोड उठतात आणि बाहेर बसतात.

फिन कशाची आहे

अंदाज चुकतो तो बहुतेक इथेच. फिन दिसायला एक वस्तू असली तरी ती बऱ्याचदा दोन किंवा तीन साहित्यांची असते. फूट पॉकेट, म्हणजे पाऊल घालायचा भाग, मऊ थर्मोप्लास्टिक रबराचा. पाते कडक पॉलिप्रॉपिलीनचे. आणि पात्यातील लवचिक पट्ट्या तिसऱ्याच प्रकारच्या. तिन्हींवर एकच रंग एकसारखा बसेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

प्रथम फिनच्या खालच्या बाजूला साच्यात उमटलेली अक्षरे शोधावीत. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, टीपीई किंवा टीपीआर म्हणजे थर्मोप्लास्टिक रबर, पीयू किंवा टीपीयू म्हणजे पॉलियुरेथेन, आणि ईव्हीए म्हणजे हलक्या, फेसाळ वाटणाऱ्या फिन्सचे साहित्य. अक्षरे नसतील तर टाचेमागचे पट्टे आणि बकल काढून फिन गोड्या पाण्याच्या बादलीत सोडावी. स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा तसाच राहिला तर ही तपासणी फसते. पॉलिप्रॉपिलीनची घनता साधारण ०.९ असते, म्हणून ते तरंगते आणि ईव्हीएही तरंगते; काजळी भरलेले काळे रबर आणि पॉलियुरेथेन बुडतात. मिश्र साहित्याची फिन अधांतरी राहते किंवा एका टोकाने खाली जाते, आणि कोणते टोक खाली गेले यावरूनही काही कळते. थर्मोप्लास्टिक रबर मात्र दोन्हीकडे सापडते, त्यामुळे केवळ तरंगण्यावर निर्णय देऊ नये, हाताला लागणारा मऊपणाही जमेस धरावा.

साहित्य कळणे का महत्त्वाचे, ते थोडक्यात सांगतो. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते की, बहुतेक रंग त्यावर नीट धरत नाहीत. मऊ थर्मोप्लास्टिक रबरात मऊपणासाठी मिसळलेले तेल असते आणि ते हळूहळू वर येऊन रंगात शिरते. काळ्या रबरात ओझोनपासून संरक्षण व्हावे म्हणून घातलेले मेण आणि रसायने मुद्दामच पृष्ठभागावर येत राहतील अशी योजना असते. त्याच रसायनांचे तपकिरी डाग पांढऱ्या रंगातून वर येतात. रबर काळे असते तेही शोभेसाठी नाही. त्यातील काजळी रबराला बळकटी देते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून वाचवते. ब्लीचने हा काळा रंग जात नाही, उलट ब्लीच रबराचाच नाश करते. म्हणून काळी फिन ‘आधी पांढरी करून मग रंगवू’ हा विचार पहिल्यापासूनच सोडून द्यावा.

पृष्ठभाग स्वच्छ आहे का

भांडी घासायच्या साबणाने फिन धुवावी, भरपूर पाण्याने साबण काढावा आणि पाते तिरके धरून त्यावर पाणी ओतावे. पाणी सलग चादरीसारखे पसरून राहिले तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. ते थेंबाथेंबांनी गोळा झाले तर अजून काहीतरी तेलकट आहे, किंवा साहित्यच पाण्याला जवळ न करणारे आहे. दुसऱ्यांदा धुऊनही पाणी सगळीकडे सारखेच गोळा होत असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनसारख्या साहित्याचाच स्वभाव समजावा. पण एकाच साहित्यावर काही जागी चादर आणि काही जागी थेंब असे दिसले तर ती नक्की घाण आहे, आणि बहुतेक वेळा ती सिलिकोनची असते.

हे सिलिकोन येते कुठून, याचा शोध घेताना मालकांना काही प्रश्न विचारावे लागतात. रबर मऊ राहावे किंवा साहित्य चकाकावे म्हणून सिलिकोन स्प्रे मारला होता का? फिन्स आणि पट्टे ज्या पेटीत ठेवता त्यात ओ-रिंगचे, म्हणजे पाणी रोखणाऱ्या रबरी कड्यांचे, ग्रीस सांडले होते का? नव्या फिन्सवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर कधी धुतला होता का? माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले असतील तर यांपैकी एकाचे उत्तर ‘होय’ असे येतेच, असा माझा अनुभव आहे.

साबणानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, पण दोन फडकी घेऊन. एकाने ओले करावे आणि अल्कोहोल उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. एकच फडके फिरवत राहिले तर तेल एका जागेवरून दुसरीकडे जाते, निघत नाही. आणि हे सर्व पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी करावे. तेलकट पृष्ठभाग आधी घासला तर सिलिकोन ओरखड्यांच्या तळाशी जाऊन बसते आणि तिथून ते काढणे जवळपास अशक्य होते. तपासण्यांचा क्रम मोडू नका असे मी सुरुवातीला म्हटले, त्याचे सर्वांत मोठे कारण हे आहे.

चिकटपणाचे कारण शोधणे

चिकट रंगाला दोन कारणे असतात आणि दोन्हींचे उपाय परस्परविरुद्ध असल्याने ती आधी वेगळी करावी लागतात. एक, रंग अजून पक्का झालेला नाही. दुसरे, खालचे तेल रंगात शिरून तो मऊ करत आहे. त्यासाठी त्याच डब्यातील रंगाचा तेवढाच पातळ हात एका काचेच्या तुकड्यावर मारावा आणि तो फिनशेजारी सावलीत, हवेशीर आणि कोरड्या जागी ७ दिवस ठेवावा. काचेवरचा रंगही चिकट राहिला तर दोष रंगात, दमट हवेत किंवा जाड थरात आहे, आणि आणखी वेळ व ऊब दिल्यास सुधारणा होऊ शकते. काचेवर तो कडक वाळला आणि फिनवर चिकटच राहिला तर दोष फिनच्या साहित्यात आहे; तो रंग कितीही दिवस ठेवला तरी सुधारणार नाही, कारण खालून तेल येतच राहणार. अशा वेळी वर आणखी एक हात मारून चिकटपणा झाकण्याचा मोह होतो. तसे करू नये, कारण आठवडाभरात वरचा थरही चिकट होतो आणि काढायचे काम दुप्पट होते.

जुना रंग काढणे

पुन्हा रंगवायचे असो वा नसो, सुटू लागलेला रंग पूर्ण काढला पाहिजे. अर्धवट धरलेल्या थरावर नवा थर मारला तर नव्या थराची पकड जुन्याच्या पकडीपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि वाळताना आकसणारा नवा थर जुन्यालाही ओढून काढतो.

पॉलिप्रॉपिलीनवरचा रंग बहुधा कोमट पाण्यात भिजवून, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून आणि रुंद चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढल्याने निघतो. थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल वापरू नये. या द्रावकांमुळे मऊ रबर फुगते, पाते आणि फूट पॉकेट यांचा जोड ढिला होतो, आणि काही प्लास्टिकच्या बकलना आतून बारीक चिरा पडतात, ज्या त्या दिवशी दिसत नाहीत. बकल पाण्याखाली तुटते आणि एका फिनवर प्रवाहाविरुद्ध परतावे लागते, तेव्हाच त्यांचा पत्ता लागतो. गरम हवेची गनही टाळावी. पाते किंचित वाकडे झाले तरी दोन्ही पायांना सारखा जोर मिळत नाही आणि लांबच्या पोहण्यात घोट्यावर ताण येतो.

पुन्हा रंगवायचेच असेल तर

इथे माझे स्पष्ट मत आहे आणि ते अनेक जोड्या खरवडल्यानंतर बनलेले आहे. संपूर्ण पाते रंगवू नये. प्रत्येक किकला वाकणाऱ्या भागावर घरी मारलेला रंग फार काळ टिकत नाही. पात्याचा फूट पॉकेटला लागून असलेला कडक भाग आणि बाजूच्या उंच पट्ट्यांची मुळे, एवढ्याच जागी तळहाताएवढा पट्टा रंगवला तर तो मागून येणाऱ्याला पुरेसा दिसतो आणि बराच काळ टिकतो. कडांपासून साधारण १ सेंटीमीटर आत थांबावे, कारण कड खडकाला आणि बोटीच्या शिडीला घासली जाते आणि तिथे एकदा रंग उचलला गेला की पाण्याचा दाब उरलेला रंग सोलून काढतो. लवचिक पट्ट्या, सांधे आणि पात्यातील फटी कोऱ्या ठेवाव्यात. फूट पॉकेटच्या आतून कधीही रंग लावू नये. तिथे ओली त्वचा सतत घासली जाते.

स्वच्छतेची तपासणी पार पडल्यावर ३२० ते ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंतच हलके घासावे, धूळ धुवावी, वाळवावे आणि पुन्हा अल्कोहोलने पुसावे. पॉलिप्रॉपिलीनवर प्लास्टिक प्रायमर लागतो, ज्याच्या डब्यावर ‘ॲडहीजन प्रमोटर’ असे लिहिलेले असते. त्यात बहुधा क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन असते. त्याचा एक भाग प्लास्टिकशी जुळतो आणि दुसरा रंगाशी. याचा हात इतका पातळ असावा की तो जेमतेम ओला दिसावा. जाड हाताने पकड वाढत नाही, उलट तो थरच मधून फाटतो. डब्यावर सांगितलेल्या वेळेतच त्यावर रंगाचा पहिला हात यावा लागतो. ती वेळ उलटून गेली तर प्रायमर पुन्हा मारावा. रंग लवचिक प्रकारचा, म्हणजे व्हिनाइल किंवा प्लास्टिकच्या बंपरसाठी केलेला निवडावा. लोखंडासाठीचा इनॅमल वाळल्यावर कडक होतो आणि भेगांचे ते सर्वांत नेहमीचे कारण आहे.

तीन किंवा चार पातळ हात मारावेत आणि पावसाळी, दमट दिवशी हे काम काढू नये. हवेतील ओल थंड होत जाणाऱ्या ओल्या रंगावर बसली की पृष्ठभाग दुधाळ होतो. त्यानंतर ७ दिवस फिन्स सपाट, एकमेकींना न लावता ठेवाव्यात. टोकावर उभ्या केल्या तर पाते कायमचे वाकते.

पाण्यात नेण्यापूर्वी दोन चाचण्या घ्याव्यात. पहिली म्हणजे रंगवलेला पट्टा एक रात्र गोड्या पाण्यात ठेवून सकाळी पुसावा, पाते हाताने २०-२५ वेळा वाकवावे आणि भेगा पडल्या का ते तिरप्या उजेडात पाहावे. दुसरी चिकटपट्टीची. रंगकामात यासाठी ब्लेडने २ मिलिमीटर अंतरावर उभ्या-आडव्या रेघा ओढून जाळी करतात, त्यावर चिकटपट्टी दाबून ओढतात आणि किती चौकोन उखडले ते मोजतात. फिनवर मात्र ही जाळी कापू नये, कारण वाकणाऱ्या रबरातील किंवा प्लास्टिकमधील लहानशी चीर पुढे फाटण्याची सुरुवात ठरते. त्याच साहित्याचा जुना, निकामी तुकडा हाताशी असेल तर जाळी त्यावर करावी. नसेल तर न कापता चिकटपट्टी दाबून ओढण्यावर समाधान मानावे.

बुडवून रंगवण्याबद्दल थोडे. कृत्रिम कापडासाठी मिळणारे डिस्पर्स प्रकारचे रंग पॉलियुरेथेन आणि नायलॉनमध्ये शिरतात. पॉलिप्रॉपिलीन आणि काळ्या रबरावर त्यांचा उपयोग होत नाही. या रंगांना खूप गरम पाणी लागते, आणि तेवढ्या उष्णतेत ईव्हीए मऊ पडते व आकसते, तर इतर फिन्सचे जोड सुटू शकतात. शिवाय रंगाच्या पाण्याने वस्तू फक्त गडद करता येते, फिकट करता येत नाही. म्हणून पांढऱ्या किंवा पारदर्शक पॉलियुरेथेनच्या फिन्सखेरीज इतरांनी या मार्गाला जाऊ नये, आणि त्यांनीही आधी सुटे होणारे भाग वेगळे करून एखाद्या लहान भागावर करून पाहावे.

काळ्या रबराच्या जड फिन्स असतील तर माझा सल्ला रंगाच्या बाजूने नाही. पट्टे बदलावेत. रंगीत पट्टे सुटे मिळतात, दोन मिनिटांत बसतात आणि मागून टाचेवर थेट दिसतात. स्प्रिंगचा पट्टा असेल तर त्याच्या टाचेमागच्या पकडीवर फ्लुओरेसंट रंगाची, स्वतःलाच चिकटणारी सिलिकोन पट्टी घट्ट गुंडाळावी. चिकट पदार्थाशिवाय बसणारी ही पट्टी मेणकट रबरावरही सुटत नाही आणि हवी तेव्हा कापून काढता येते.

इथे थांबावे

एकच जागा नीट तयारी करून दोनदा रंगवली आणि दोन्ही वेळा सुटली, तर तिसऱ्यांदा घरी प्रयत्न करू नये. साहित्य ओळखण्यात चूक होत आहे किंवा त्या साहित्याला घरी न करता येणारी तयारी लागते आहे, हे तोपर्यंत सिद्ध झालेले असते. पॉलिप्रॉपिलीनला ज्योत दाखवून त्याचा पृष्ठभाग बदलण्याची पद्धत उद्योगांत वापरली जाते, आणि रबराच्या बुटांचे तळ चिकटवण्यापूर्वी क्लोरिन देणाऱ्या प्रायमरने रबराची तयारी करतात. दोन्ही कामे सराव, साधने आणि खेळती हवा असलेल्या जागेची आहेत. फिनवर हातात गॅसची ज्योत धरून प्रयोग करू नये.

दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग सर्वांत टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासावाटे आत गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या प्रमाणातही त्रास होतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि फवारणीची खोली नसेल तर हा रंग घरी उघडूही नये. गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्या कुशल कारागिराकडे हे काम सोपवावे. बंपर मुख्यतः पॉलिप्रॉपिलीनच्याच मिश्रणाचे असतात, त्यामुळे लवचिक, पकड न देणाऱ्या प्लास्टिकवर रंग कसा बसवायचा हे त्याला नेमके ठाऊक असते. जहाजांच्या तळाला लावायचा, शेवाळ व शिंपले मारणारा रंग मात्र कोणीही सुचवला तरी फिन्सना लावू नये. तो विषारी असतो आणि फिन्स आपल्या हातापायांना लागतात.

कार्बन किंवा काचतंतूंच्या लांब पात्यांना पॉलिश पेपर लावू नये. तंतूंची धूळ श्वासाला आणि त्वचेला बाधक असते, आणि वरचा रेझिनचा थर घासला गेला तर पाते कमकुवत होते. अशी पाती बनवणाऱ्याकडे किंवा त्यांची दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावीत.

रंग काढताना खाली पात्यातच चीर दिसली, पाते फूट पॉकेटपासून किंचितही सुटलेले आढळले, किंवा बकलच्या मुळाशी पांढरी रेषा दिसली, तर रंगाचा विषय तिथेच बाजूला ठेवावा आणि फिन्स डायव्हिंगच्या साहित्याच्या तंत्रज्ञाला दाखवाव्यात. त्याने ठीक म्हणेपर्यंत त्या पाण्यात नेऊ नयेत. रंगाखाली झाकलेली चीर पुढच्या तपासणीत कोणालाच दिसणार नाही. भाड्याने आणलेल्या किंवा हमीच्या मुदतीतील फिन्सबाबत रंगवण्यापूर्वीच विचारून घ्यावे, कारण द्रावक आणि रंग लावल्यानंतर हमी नाकारली जाऊ शकते.

कारागिराकडे किंवा तंत्रज्ञाकडे जाताना सुटलेल्या रंगाचे दोन-तीन तुकडे कागदाच्या पाकिटात घालून न्यावेत, वापरलेल्या रंगाचा आणि प्रायमरचा डबा सोबत ठेवावा, साच्यातील अक्षरे लिहून घ्यावीत, आणि सिलिकोन स्प्रे कधी मारला होता का हे न लपवता सांगावे.